डेप्युटीला दिवस गेले

ओक्लाहोमातल्या आमच्या या खडकाळ कोपऱ्यात, मानेभोवती दोन काळे पट्टे असलेल्या सरड्याला बूमर म्हणतात. दर जूनमध्ये गावच्या जत्रेत सगळ्यांत हिरव्या नराला पहिल्या नंबराची निळी फीत मिळते, सगळ्यांत देखण्या मादीलाही मिळते. नियम एकच: ज्या खडकावर पकडला तिथंच संध्याकाळच्या आत नेऊन सोडायचा.

माझ्या मेहुण्यानं, डेल्बर्टनं, गेल्या वर्षी हा नियम धाब्यावर बसवला. सरडा पकडला होता माझ्या धाकट्या बहिणीनं, ओपलनं, म्हणजे त्याच्या बायकोनं. तिनं फीत जिंकली, सरड्याचं नाव डेप्युटी ठेवलं आणि त्याच आठवड्यात अंथरूण धरलं. ऑगस्टमध्ये ती गेली. तेव्हापासून डेल्बर्ट आणि डेप्युटी स्वयंपाकघरात एकमेकांकडं बघत बसायचे, एक काचेच्या आत, एक बाहेर. मला दोघांचा राग यायचा आणि दोघांची कीवही.

यंदा त्यानं जत्रेसाठी पुन्हा डेप्युटीचं नाव दिलं.

"अरे, त्याचा रंग बघ," मी म्हटलं. "भांडी घासलेलं पाणी बरं!"

"तुझा चष्मा बदल, नदीन. चांगला हिरवागार आहे."

पण लागलं असावं त्याला. दुसऱ्या दिवशी काचेच्या पेटीत ढीगभर किसलेलं गाजर. दुकानातून आणलेले रातकिडे गाजर खाणार, डेप्युटी रातकिडे खाणार, की झाला रंग तयार! डेप्युटीनं रातकिड्यांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. तो गाजरात पसरून आठवडाभर झोपला.

जत्रेत परीक्षक होत्या हेझल युबँक्सबाई. अर्ध्या गावाला त्यांनी विज्ञान शिकवलंय आणि डेल्बर्टला एकदा नापासही केलंय. त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि ती उचलून सरळ माद्यांच्या टेबलावर ठेवली.

"फिकट तपकिरी अंग, कुशीला केशरी पट्टे," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "दिवस गेलेत हिला. काळजी छान घेतलीस हो, डेल्बर्ट." आणि निळी फीत लावून मोकळ्या झाल्या.

"बाई, तो नर आहे!"

सगळा मांडव हसला. माझ्या तर नाकातून सरबत आलं.

बाईंनी डेप्युटीला उलटा करून पाहिलं, बोटाला लागलेलं गाजराचं केशरी पुसलं आणि म्हणाल्या, "अगंबाई." मग त्याला त्या सकाळीच पकडलेल्या एका नराशेजारी ठेवलं. तो नर हिरवाकंच, गळा पिवळाजर्द. त्याला बघताच डेप्युटी फुगला आणि पुढच्या पायांवर जोर काढायला लागला. डेल्बर्ट एकदा याच्याकडं बघे, एकदा त्याच्याकडं.

"आपला असा होता?" त्यानं मला विचारलं.

"याहून हिरवा होता." माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

"मी उपाशी नाही ठेवला हो त्याला, बाई."

"उपाशी नाही रे. पण त्याला ऊन लागतं, टोळ लागतात, भांडायला कुणीतरी लागतं. तुझ्या स्वयंपाकघरात यातलं काय आहे?"

"ओपलनं पकडला होता तो," डेल्बर्ट पुटपुटला. "तिच्या हातचं एवढंच उरलंय माझ्याकडं."

बाईंनी घड्याळ बघितलं. "संध्याकाळ व्हायला दोन तास आहेत. नियम ठाऊक आहे तुला."

गाडी मी चालवली. तो पेटी मांडीवर घेऊन बसला. खडकावर झाकण उघडलं, तर डेप्युटी सुसाट कपारीत. डेल्बर्ट अंधार पडेपर्यंत तिथंच बसला आणि मीही.

मग तो रोज त्या खडकावर जायला लागला. तीन आठवड्यांनी एका सकाळी मी नाक्यावरच्या हॉटेलात नाश्ता करत होते, तर हा उन्हानं लालबुंद होऊन आत घुसला आणि टोपी माझ्या ताटाशेजारी आपटली.

"दिसला!"

"आणि रंग?"

"हिरवाकंच! मी जवळ जाऊन हाक मारली, तर तोंड वासून माझ्याच अंगावर आला, नदीन. ओळखलंच नाही त्यानं मला!"

हे त्यानं सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल एवढ्या आनंदानं सांगितलं, आणि सांगता सांगता, ओपल गेल्यापासून पहिल्यांदाच, तो रडला.