बारा व्होल्टचं काय लागतंय?

लॉन्ड्रीचा पंप जळला तेव्हा दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, सगळ्यांत आधी माझ्याकडे बघितलं. मग बाबांनी बघितलं. मग लॉन्ड्रीवाल्यानेही बघितलं. त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, पण सगळे बघतायत म्हणून.

पंपाचं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेचे वेढे, मी भरलं होतं. टोकं दाजींनी जोडली होती, त्यातलं एक उलटं. तरी संध्याकाळपर्यंत बाबांच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात माझं नाव ‘धूर’ पडलं आणि टेबलापाशी माझं जे स्टूल होतं, त्यावर दाजींचा जेवणाचा डबा बसला. मला मागच्या खोलीत जळक्या मोटरींची तार उपटायला धाडलं. म्हणजे बढती डब्याला मिळाली.

अशा वेळी माणसाने मोठ्या मनाने माफ करावं. मी ठरवलं, आधी सूड घेऊ, मग निवांतपणे माफ करू.

दाजींनी बाबांकडून एकच गोष्ट मनापासून उचलली होती. बॅटरीवर चालणारं काहीही समोर आलं की “बारा व्होल्टचं काय लागतंय?” म्हणत उघड्या टोकांना बोटं लावायची. मला एवढं पुरेसं होतं.

बरणीचं झाकण घेतलं, मधोमध पंख्याचं जुनं बेअरिंग बसवलं. कडेला चार चुंबकं चिकटवली. चौघांचं एकच तोंड, म्हणजे एकच ध्रुव, बाहेर हवं. पहिल्यांदा एक उलटं लागलं आणि झाकण दर फेरीला अडखळायला लागलं. उलट्या जोडाचं दुःख मला कुणी समजावायची गरज नव्हती. मग दोन तारा जोडीने घेऊन आठशे वेढ्यांची कॉइल गुंडाळली आणि तिला एक ट्रान्झिस्टर जोडला. चुंबक जवळ आलं की एक तार ट्रान्झिस्टरला उठवते, दुसरी चुंबकाला ढकलते. ट्रान्झिस्टरने पुरवठा तोडला की कॉइल चिडते आणि बारा व्होल्टच्या जागी शंभरेक व्होल्ट अंगावर फेकते. तो राग गिळायला मध्ये टेस्टरमधला छोटा निऑन दिवा लावतात.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी ते यंत्र दाजींच्या डब्याशेजारी टेबलावर मांडलं, बारा व्होल्टची बॅटरी जोडली, निऑन काढून खिशात घातला, त्याच्या जागची दोन टोकं उघडी ठेवली आणि झाकणाला टिचकी मारली. झाकण गरगरायला लागलं.

“काय हो धूरसाहेब,” दाजी म्हणाले, “खेळणं केलंत वाटतं?”

“हो. पण करंट येतोय की नाही, कळत नाही.”

“एवढंही कळत नाही? सरका!” दाजींनी बाह्या सावरल्या, बोटं पुढे केली. मी आयुष्यात इतका सज्जन चेहरा कधी केला नव्हता.

“थांबा जावईबापू,” मागून बाबा आले. “बारा व्होल्टचं काय लागतंय?”

आणि त्यांनीच बोटं लावली.

बाबा हातभर मागे फेकले गेले आणि स्टुलावर आदळले. दाजींच्या डब्याचं झाकण उडालं. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

बाबांनी बोटं झटकली, कॉइल उचलली, चष्मा कपाळावर चढवून उलटसुलट बघितली.

“कुणी गुंडाळली?”

“मी.”

“टोकं?”

“तीही मीच जोडली.”

“चार टोकं,” बाबा स्वतःशीच म्हणाले. “एक जरी उलटं असतं तरी हे फिरलं नसतं.” मग त्यांनी सावकाश मान वळवली. “जावईबापू, त्या पंपाची टोकं कुणी जोडली होती?”

“पंप?” दाजी म्हणाले. “कुठला पंप?”

आमच्याकडे त्या महिन्यात एकच पंप आला होता.

बाबांनी यंत्र पुन्हा टेबलावर ठेवलं, झाकणाला स्वतः टिचकी मारली आणि उघडी टोकं दाजींच्या बाजूला वळवली.

“हं. धरा जरा.”

“मी? मी कशाला मामा, तुम्ही बघितलंत की आत्ताच!”

“अहो,” बाबा अगदी प्रेमाने म्हणाले, “बारा व्होल्टचं काय लागतंय?”

मी स्टुलावरचा डबा उचलून खाली ठेवला आणि बसलो. तिथून नीट दिसत होतं.