विहीर मोजायचा दिवस

निनादने मोजपट्टी विहिरीत सोडली, वर ओढली आणि ओल कुठवर चढली ते पाहिलं. मग पुन्हा सोडली. भामा कठड्याला टेकून पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"हाय ना पानी?"

"आहे मावशी. जास्तच आहे."

भूजल खात्याचा हा मुलगा वर्षातून चारदा नेरे गावी तिची विहीर मोजायला येई. आदल्या संध्याकाळपासून उपसा बंद ठेवायचा, पातळी बसू द्यायची, हा त्याचा नियम भामा उपासासारखा पाळी. नवरा महादेव गेला, मुलगा प्रितम बायकोला घेऊन उलव्याला टॉवरात राहायला गेला. घर नुसतं खायला उठे. उंबरा ओलांडून आत येणारं, मांडी घालून जेवणारं माणूस उरलं ते हेच एक. आणि मागच्या खेपेला हाच शहाणा सहज बोलून गेला होता, की विहीर कोरडी पडली तर ती यादीतून जाईल, मग मोजायला दुसरी शोधायची.

ती कोरडी पडलीच. पलीकडच्या फार्महाऊसवाल्याने पोहायच्या तलावासाठी बोअर मारली आणि होळीनंतर तळाचे दगड दिसू लागले.

निनादने बादलीभर पाणी काढलं. ओंजळ नाकाशी नेली. ब्लीचिंग पावडरचा वास आला.

"टँकर कधी ओतलात?"

भामाने नजर आंब्याच्या झाडाकडे वळवली.

"सकाळी. टँकरवाल्या भावेशचे दोन टँकर टाकले. पानी ते पानीच ना? तुझी पट्टी तर भिजली."

त्याला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून ते त्याने गिळलं. त्याने पुन्हा पट्टी सोडली. तेवढ्या वेळातही पाणी खाली गेलं होतं.

"हे राहणार नाही मावशी. आजूबाजूचं सगळं कोरडं आहे, जमीन ओढून घेईल." त्याने घड्याळ पाहिलं. "पण ओतलंच आहे, तर किती वेगाने जिरतं ते बघतो. थोड्या थोड्या वेळाने मोजावं लागेल."

"म्हंजे तू बसशील?"

"तळ दिसेपर्यंत."

तिने तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या, सुकट परतली. करंजाड्याच्या खोलीवर तो एकटाच राहतो आणि डब्यातली डाळ खाऊन कंटाळलाय, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. तिने त्याला महादेवने विहीर खणली तेव्हाची गोष्ट सांगितली, आधी सांगितली होती तरी. तो मोजायला उठला की ती बोलता बोलता थांबे. जिरायचं तर जिर बाबा, पण जरा दमानं, असं ती मनातल्या मनात पाण्याला विनवत होती.

ऊन उतरलं तेव्हा दगड उघडे पडले होते. निनादने पट्टी पुसून गुंडाळली.

"कोरडी लिहावी लागेल."

"लिव. खोटा नको लिवू."

ती त्याच्या मागोमाग बाईकपर्यंत गेली. त्याने हेल्मेट चढवलं.

"ऐक ना," ती म्हणाली. "ह्ये जिरायचा एकदाच बघून समजतो का रे तुमाला? परत बघायला लागत आसंल ना?"

निनादने किक मारायला उचललेला पाय खाली ठेवला.