गोगलगायीची खुंटी

शमिकानं जॅकेट काढलं आणि ती थेट खिडकीजवळच्या खुंटीकडे गेली. खुंटीवर गोगलगायीचं चित्र होतं. इथं जर्मनीत शाळांत प्रत्येक मुलाला असं आपलं चित्र मिळतं. उन्हाळ्याआधी शमिकाला चाचणीसाठी काही दिवस इथं बसवलं, तेव्हा हे तिच्या वाट्याला आलं. एरवी तिच्या तोंडून शब्द निघता निघत नसे. पण सुट्टीभर ती घरात "श्नेके, श्नेके" म्हणत फिरली होती. श्नेके म्हणजे गोगलगाय.

शाळा सुरू व्हायच्या आधी तिला जागेची सवय व्हावी, म्हणून तिची आई सुरेखा तिला घेऊन आली होती. चित्राखाली नवी पट्टी होती. नाव लुकासचं.

"फ्राऊ सबनीस?" लिंडनरबाई वर्गातून बाहेर आल्या. "तुम्ही इथं कशा?"

"सवय करायला आणलं हिला."

बाईंनी पट्टीकडे पाहिलं. "तुमचे मिस्टर येऊन गेले की जुलैत. म्हणाले, दोघांचं ठरलंय, फोर्डरशूल, ती विशेष मुलांची वेगळी शाळा. शिष्यवृत्तीची जागा मग पुढच्या मुलाला गेली. तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"हो," सुरेखा म्हणाली. "ठाऊक होतं."

नवऱ्याला परक्यापुढे खोटं पाडायची तिची जात नव्हती.

ऑटिझम असलेल्या एका मुलाची फी आणि शेजारी बसणारी मदतनीस, असं सगळं देणारी ती शिष्यवृत्ती. तिच्यासाठी सुरेखानं किती उंबरे झिजवले होते. आणि देवापुढे हात जोडून गोड सोडलं होतं: शमिकाला शाळा मिळेपर्यंत. संकष्टीला मोदक करायची, नैवेद्य दाखवायची, स्वतः चाखायची नाही.

जॅकेट काढून घ्यायला गेली तर शमिकानं खुंटी घट्ट धरली. बस चुकली, मग दुसरीही. वोल्फ्सबुर्गच्या त्या लांबरुंद रस्त्यावर मायलेकी चालत घरी आल्या. वर्ल्डकपचे झेंडे काही बाल्कन्यांत अजून लटकत होते.

संध्याकाळी प्रताप कारखान्यातून आला तो केकचा खोका घेऊन.

"अगं, फोर्डरशूलचं नक्की झालं. घरापासून बस येते. सोड आता ते व्रत, घे तुकडा."

"अहो, मी आज तिकडं गेले होते."

त्यानं खोक्याची दोरी सोडणं थांबवलं. "लिंडनर बोलली?"

"तुम्ही बोलायला हवं होतं."

"काय बोलणार होतो? माझ्या बॉसचा मुलगा त्याच वर्गात. त्या शिष्यवृत्तीवाल्यांच्या समारंभाला सगळं डिपार्टमेंट जातं. आपला फोटो लावणार तिथं, पोरीला पुढं उभी करून. ग्रुपलीडरचं ठरतंय माझं, सुरेखा. अन् तिकडं तिला शिकवणारी माणसं आहेतच की. शाळाच मागितली होतीस ना देवाकडं? मिळाली."

"माझ्या नावानं हो म्हणून आलात."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं," ती हळूच म्हणाली. "म्हणूनच ना?"

केक प्रतापनंच कापला. दोन बश्या भरल्या, तिची तिच्यापुढं सरकवली. तिनं ती उचलून ओट्यावर ठेवली, वर झाकण घातलं, आणि देवापुढं दिवा लावायला गेली.

सकाळी तिनं शमिकाच्या खडूंनी कागदावर गोगलगाय काढली. शंख थोडा वाकडा झाला. पॅसेजमध्ये दाराजवळ एकच खुंटी होती, तिच्यावर कायम प्रतापचा कोट. तिनं कोट काढला, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि खुंटीच्या वर चित्र चिकटवलं.

शमिका आली. बराच वेळ बघत राहिली. मग जॅकेट आणून तिनं तिथं अडकवलं.

"अगं, माझा कोट कुठाय?" आतून प्रतापनं विचारलं.

सुरेखा बिनसाखरेचा चहा पीत होती.

"खुर्चीवर," ती म्हणाली.