आखाजीपर्यंतची जीप

लोटन नानांच्या अंगणात जीप उतरली तेव्हा तिला चार चाकं होती खरी, पण फिरत होती त्यातली तीनच. टेम्पोवाल्याने फळ्या लावल्या, गल्लीतल्या सहा जणांनी धक्का दिला आणि नूतन स्टिअरिंगवर बसून अशी हसत होती, जशी काही तीच गाडी चालवत आणतेय. यावलच्या एका केळीवाल्याच्या शेडात ही जीप आठ वर्षं पडून होती. त्याची बाग सातपुड्याच्या पायथ्याशी, तिथल्या नाल्यातून घड बाहेर काढायला त्याने ही चारही चाकं ओढणारी गाडी घेतलेली. मग बागेपर्यंत डांबरी सडक झाली आणि बिचारीला कोणी विचारेना. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. नूतनने कोंबडीसकट जीपचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे व्यवहार पक्का केला.

नूतन शिंदखेड्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक, वय अठ्ठावीस, नानांची एकुलती एक. बाराव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवायची, त्यामुळे तिच्या हातात स्टिअरिंग दिसल्याचं गावाला काही वाटत नसे. वाटलं ते बापाला न विचारता, स्वतःच्या पगारातून भंगार घरी आणल्याचं. नाना जीपभोवती दोन चकरा मारून आले. बॉनेटवर थाप मारली, खाली वाकून बघितलं, चाकाला चपलेने टोचलं. बैल असता तर दातही मोजले असते.

आता खान्देशात सालदाराचं साल फिरतं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. वर्षभर शेतात राबलेल्या गड्याला पुढे ठेवायचं की नारळ देऊन निरोप द्यायचा, ते मालक त्या दिवशी ठरवतो. नानांनी हा नियम घरात सगळ्यांनाच लावून ठेवला होता. सालदार, बैलजोडी, पाण्याची मोटार, एकदा तर नूतनच्या आईचा, भिकुबाईंचा मिक्सरसुद्धा आखाजीला घराबाहेर गेला होता. जीपचाही निकाल तसाच लागला.

“आखाजीलगून ठेव,” नाना म्हणाले. “कामनी निंघनी तं राही. नही तं नारय दी दिसूत.”

काम म्हणजे नेमकं काय, ते नूतनने लगेच विचारून घेतलं, कारण नानांशी बोलणी अर्धवट सोडली की ती त्यांच्याच बाजूने पूर्ण होतात. धुळ्याच्या पलीकडे एका मुरमाड माळावर दरवर्षी आखाजीआधीच्या रविवारी जीपवाल्यांची स्पर्धा भरते. त्यात नवशिक्यांचा वेगळा गट असतो. सगळ्यात शेवटी एक टेकडा, उभा आणि सुट्या दगडांचा. तो चढली तर काम झालं म्हणायचं का? नानांनी मान डोलावली. पण तोवर मी काही या डब्यात बसायचो नाही, हेही सांगून टाकलं. नाना एकदा बोलले की बोलले, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. म्हणजे टेकडा नाही तर जीप नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. हातात सहा महिने होते आणि नूतनला जीपमधलं काही म्हणजे काही येत नव्हतं. ट्रॅक्टर चालवणं वेगळं आणि गाडी खोलणं वेगळं, हे तिला पहिल्याच रविवारी कळलं. चौथं चाक फिरत नाही म्हणून तिने ब्रेकचा ड्रम उघडला, त्यातून स्प्रिंग उडाली ती शेजारच्या चुडामण मिस्तरीच्या पत्र्यावर. चुडामण मिस्तरी जन्मभर ट्रक दुरुस्त करून थकलेला माणूस. तो स्प्रिंग घेऊन आला, ड्रममध्ये डोकावला आणि म्हणाला की मी हात लावणार नाही, पण खाटेवर बसून सांगेन. झालं, त्या दिवसापासून नूतनच्या अंगणात दर रविवारी खाट पडू लागली.

काय मजेचे दिवस होते ते. नूतन सहा दिवस कॉलेजात मुलांना लिटमस पेपर वाटायची आणि सातव्या दिवशी गाडीखाली आडवी असायची. गाडीचा भार झेलणारे कमानपाटे खोलले, गंज खरवडला, प्रत्येक जुडीत एकेक पाटा वाढवला आणि गाडी जमिनीपासून चार बोटं वर उचलली. चुका तर विचारू नका. मागचे पाटे पुढे बसवले, म्हणून जीप आठवडाभर नमस्कार केल्यासारखी वाकून उभी होती. गिअरचं तेल स्टिअरिंगच्या डब्यात ओतलं, ते परत काढायला अख्खी दुपार गेली. जुन्या कल्टिव्हेटरच्या लोखंडातून पुढचा बंपर बनवला, तो इतका दणकट झाला की दोघांना उचलवेना, मग निम्मा कापला. प्रत्येक चुकीला चुडामण मिस्तरी खाटेवरून शांतपणे म्हणायचा, चला, हे पण येऊन गेलं. माघात एका सकाळी इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं तेव्हा नूतन तेलकट हातांनीच भिकुबाईंच्या गळ्यात पडली आणि भिकुबाईंचं नवं लुगडं कामातून गेलं. भिकुबाई रागावल्या नाहीत. पोरगी कुणाच्या लग्नकार्यातही कधी इतकी फुललेली दिसली नव्हती.

नाना मात्र ओट्यावरून बघत. जवळ येत नसत, विचारत नसत. सालदाराची पारख मालकाने बांधावर उभं राहून करायची असते, असा त्यांचा हिशेब. नूतनला कधी कधी फार राग यायचा. निदान रंग कुठला देऊ एवढं तरी विचारायचं होतं तिला. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितला नाही, आणि जीप कापसाच्या कोवळ्या बोंडासारखी हिरवी झाली.

स्पर्धेच्या आदल्या शनिवारी दुपारी ती शिंदखेड्याला हेल्मेट आणि ओढायचा दोर आणायला गेली. परत आली, जीप जागेवर होती. रविवारी पहाटे चारही चाकांचे व्हॉल्व्ह वरच्या बाजूलाच होते, तिने मीटर लावून हवा तपासली, ती बरोबर होती. भिकुबाईंनी बंपरला हळदकुंकू लावलं. नानांचा पत्ता नव्हता. ते म्हणे पहिल्याच एसटीने धुळ्याला गेले, फवारणी पंपाचा वायसर आणायला. रविवारी पहाटे वायसरचं कुठलं दुकान उघडतं, ते त्यांनाच ठाऊक.

हायवेला लागेपर्यंत नूतन मोठमोठ्याने गात होती. सोनगीरच्या पुढे तिने वेग वाढवला आणि गाणं थांबलं. स्टिअरिंग हातात थरथरत होतं. गाडी जड झाली होती, वळणावर ओढल्यासारखी जात होती, ब्रेक दाबला की थांबायला उशीर लावत होती. गेल्याच आठवड्यात ती याच रस्त्यावर लोण्यासारखी पळाली होती. पाटे चुकले, तिला वाटलं. आपणच बसवले आणि आपणच चुकवले, मिस्तरीने खाटेवरून किती बघावं. तिने वेग चाळीसवर आणला. ट्रक हॉर्न मारत बाजूने जात राहिले. धुळं येईपर्यंत तिने मनातल्या मनात सहा महिन्यांचा एकेक नट परत आवळून पाहिला.

माळावर तिसेक गाड्या जमल्या होत्या. जळगावच्या, धुळ्याच्या, काही नाशिककडच्या, चकचकीत, मोठ्या टायरांच्या. दोरीपलीकडे बघ्यांची गर्दी होती, आणि त्या गर्दीत डोक्याला पंचा बांधून नाना उभे होते. हातात वायसर बियसर काही नव्हतं. नूतनने हात केला. त्यांनी फक्त मान हलवली.

वाळू पार झाली, चराचा खड्डा पार झाला, तिरकी उतरणही झाली, पण प्रत्येक ठिकाणी जीप टणटण उडत होती. मग टेकडा आला. दोन संधी मिळायच्या. नूतनने छोटा गिअर टाकला, चारही चाकं जोडली आणि गाडी घातली. निम्म्यापर्यंत गेली. तिथे चाकं दगडांना धरेनात, दगडावर आपटून नुसती उडत राहिली, इंजिन दोनदा कण्हलं आणि बंद पडलं. जीप मागच्या मागे खाली आली. गर्दी हळहळली. नूतनने नानांकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर रडूच आलं असतं, आणि हेल्मेटात रडणं काही सोयीचं नसतं.

योगेंद्र नावाचा जळगावचा एक जुना जीपवाला स्पर्धेची देखरेख करत होता. त्याने येऊन विचारलं, ताई, टायरची हवा कमी केली का? हवा कमी केली की टायर पसरतं, दगडाला धरून चालतं, ही तर पहिली पायरी. नूतनला ते पाठ होतं. तिने वहीत दोनदा लिहिलं होतं. पण हायवेवर धसका घेतला आणि ऐन वेळी विसरली. अर्धा तास हातात होता. ती खाली बसली, पुढच्या चाकाच्या, आता खाली आलेल्या व्हॉल्व्हमधली पिन काडीने दाबली.

हवा आली नाही. पाण्याची धार आली, सरळ तिच्या तोंडावर.

तिने तोंड पुसलं, परत दाबलं. परत पाणी. दुसऱ्या चाकाला पाणी, तिसऱ्यालाही पाणी. योगेंद्रने इतक्या वर्षांत असली गाडी पाहिली नव्हती. गर्दीत हशा पिकला. नूतन काही हसली नाही. शेतकऱ्याची पोर ती, टायरात पाणी कुठल्या गाडीच्या भरतात ते तिला सांगावं लागत नव्हतं. नांगरताना चाक घसरू नये म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत भरतात, वजन यावं म्हणून. तिने दोरीपलीकडे बघितलं. पंचा डोक्यावरून सोडून नाना आधीच वाकून दोरीखालून येत होते.

“मीच भरं,” ते म्हणाले. “काल, तू शिंदखेडाले गई तव्हय. तीन वाटा पानी, एक वाटा हवा. फिसलाले नको म्हनीसन.”

“नाना, ट्रॅक्टर काय हायवेवर पयस का?”

नानांनी ओल्या मुरमाकडे बघितलं. चाळीस वर्षांत ट्रॅक्टरच्या बाबतीत त्यांना कोणी चूक काढून दाखवली नव्हती, आणि हायवेवर पळणारी जीप ट्रॅक्टर नसते हे त्यांना आत्ता, सगळ्या गर्दीच्या देखत कळत होतं. नूतन भयंकर चिडली होती. पण चिडता चिडता तिच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. म्हणजे पाटे बरोबर होते. थरथर पाण्याची होती, तिची नव्हती. सहा महिने तिने जे केलं त्यात शेवटी काहीच चुकीचं राहिलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. जीप नापास व्हावी असं वाटणारा माणूस भर दुपारी, कोणाला न सांगता, चार चाकं जॅकवर उचलून त्यात पाणी भरत बसत नाही. हा मालक बांधावर उभाच नव्हता. तिला एकदम हसू आलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकाच वेळी.

वेळ थोडा होता. पाणी भरण्यात नानांची चूक झाली असेल, पण काढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकलं नसतं. सदरा काढून ठेवला, जॅक लावला, चाक फिरवून व्हॉल्व्ह खाली आणला, पिन काढली आणि धार सोडली. एक चाक रिकामं होतंय तोवर दुसऱ्याला जॅक. नूतन पंप घेऊन मागोमाग हवा भरत गेली, थोडी, वहीत लिहिली होती तेवढीच. मुरमावर चिखल झाला आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला जीप चार चाकांवर उभी राहिली.

नूतनने सेल्फ मारला. तेवढ्यात बाजूचं दार उघडलं. नानांनी आयोजकांकडून एक हेल्मेट मागून आणलं होतं, ते त्यांना मोठं होत होतं.

“पानी काढं आते. वजन तं पाहिजे ना?” ते म्हणाले. “मी बसस.”

वजन नको आहे, हे नूतनने सांगितलं नाही. त्यांच्या छातीवरून पट्टा घेतला, आवळला, आणि गाडी घातली.

या वेळी चाकं उडाली नाहीत. टायर दगडावर पसरलं, धरलं, सोडलं, पुढचा दगड धरला. जीप हळूहळू, घोरल्यासारखा आवाज करत वर जात राहिली. निम्मं मागे पडलं. मघाशी इंजिन जिथे बंद पडलं ती जागाही गेली. समोर आता फक्त आभाळ दिसत होतं आणि बाजूला नानांचा श्वास ऐकू येत होता. शेवटच्या उंचवट्यावर पुढची चाकं क्षणभर अधांतरी झाली, मागच्यांनी रेटा दिला आणि जीप धप्पकन सपाटीवर बसली. खालून शिट्ट्या आल्या. नूतन ओरडली, काय ओरडली ते तिलाही आठवत नाही. तिने इंजिन बंद केलं. वर वारा होता, खाली सगळा माळ पसरला होता आणि दूर हायवेवरचे ट्रक मुंग्यांएवढे दिसत होते.

ती नानांकडे वळली. आता निकाल त्यांच्या तोंडून ऐकायचा होता. नानांनी दोन्ही हातांनी समोरची लोखंडी दांडी धरली होती, ती अजून सुटत नव्हती. त्यांनी सावकाश हेल्मेट वर केलं, आभाळाकडे बघितलं, खाली बघितलं.

“जीप राही,” ते म्हणाले. “आखाजीनी वाट कसाले दखनी?”

मग गर्दीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, “पन परत एकदाव चढाव, बेटा. मन्हा डोया मिटेल व्हतात.”