फीत कापेपर्यंत

क्लबात त्यांना सगळे वहिनीच म्हणत. अध्यक्ष त्यांचे धाकटे दीर, आणि अध्यक्षांची वहिनी ती अख्ख्या क्लबाची वहिनी, असा सरळ मामला. नवरा गेल्यावर छापखाना त्यांनी एकटीने ओढला होता. क्लबाची तिकिटं, बॅनर, आभारपत्रं सगळं तिथेच छापलं जायचं, तेही निव्वळ कागदाच्या भावात. कामाला वाघ, आणि बोलायला लागल्या की समोरच्याची बोलती बंद. त्यामुळे परदेशातल्या प्रकल्पाचं लचांड कोणी गळ्यात घ्यायचं हा प्रश्न आला, तेव्हा सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या आणि मंडळी चहा प्यायला मोकळी झाली.

प्रकल्प म्हणजे एक हातपंप. दूरच्या एका देशात, डबक्याचं पाणी पिणाऱ्या वस्तीत, शाळेसमोर बसवायचा. त्यासाठी वर्षभर काय काय केलं ते विचारू नका. जुन्या कपड्यांचा बाजार भरवला, केक विकले, पोटं सुटलेल्या मेंबरांना देणगीसाठी रस्त्यावर पळायला लावलं. त्यातला एक पठ्ठ्या निम्म्या वाटेवरून टॅक्सी करून परत आला आणि वर मेडलही घेऊन गेला. पण पैसे जमले, पंप बसला, पाणी लागलं, तपासून झालं. चांगलं होतं. आणि मग पंपाच्या दांड्याला साखळी घालून कुलूप ठोकलं.

कुलूप का? तर नियम! मागे क्लबाने बसथांब्यावर शेड बांधली होती. उद्घाटनाआधीच लोक तिथे टेकायला लागले आणि एका नगरसेवकाने स्वतःचा बोर्ड लावून फोटो काढून घेतले. क्लब बसला बोंबलत. तेव्हापासून ठरलं, की फीत कापेपर्यंत कशालाही कोणी हात लावायचा नाही. सूचना वहिनींची. टाळ्या पडल्या होत्या त्या दिवशी.

पंपाच्या कुलपाची किल्ली तिथल्या मास्तरीणबाईंकडे होती. शाळा त्या एकट्याच चालवायच्या, झाडाखाली. पंपाचं नीट पार पडलं तर पुढे शाळेला एक खोली बांधून देऊ, असं क्लबाने त्यांना सांगून ठेवलं होतं. वहिनी आणि त्या व्हिडिओवर बोलायच्या, दोघींनाही धड न येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत. मास्तरीणबाईंची लेक मध्येच तोंड खुपसायची आणि वहिनींना जीभ काढून दाखवायची. वहिनीही दाखवायच्या. या वयात! छापखान्यातली माणसं तोंडावर हात धरून हसायची.

क्लबाची मंडळी उद्घाटनाला निघणार, तेवढ्यात घोडं अडलं. प्रवासखर्चासाठी हॉलमध्ये ठेवलेल्या गाण्यांच्या कार्यक्रमाची तिकिटं खपेनात, म्हणून कार्यक्रम पुढे गेला. मग फीत कापायला येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांना नवी तारीख सोयीची नव्हती. प्रवास आपला मागून फरफटत पुढे पुढे चालला.

अशात एका दुपारी फोन वाजला. वहिनी पत्रिकांच्या घड्या घालत होत्या.

"बाई, मुलं आजारी पडलीत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "उलट्या, जुलाब. डबक्याचं पाणी बाधलंय. माझी पोरगीसुद्धा सकाळपासून पडून आहे. डोळे उघडत नाही. कुलूप काढू का?"

'काढा की, विचारता काय!' हे शब्द वहिनींच्या अगदी ओठांवर आले होते. पण तोंडातून निघालं भलतंच. "थांबा, विचारून सांगते."

अध्यक्ष भाऊजी हॉलमध्ये होते, मंचावर खुर्च्या कशा मांडायच्या त्यावरून वाद घालत होते. वहिनींनी धावतपळत जाऊन सगळं सांगितलं.

"अरेरे," भाऊजी म्हणाले. "पण वहिनी, आठवड्याचा तर प्रश्न आहे. पाणी उकळून प्या म्हणावं त्यांना."

"जळण तरी आहे का त्यांच्याकडे, भाऊजी? पोरगी डोळे उघडत नाहीये."

"अहो, नियम कोणाचा? तुमचाच ना? पाहुणे इकडे फीत कापणार आणि वापरून वापरून पंपाखाली चिखल झालेला, फोटोत कसं दिसेल ते? देणगीदारांना मी काय तोंड दाखवू?"

खुर्च्या लावणारी मंडळी थांबून ऐकत होती. भांडायचं तर आधी चारचौघांत म्हणावं लागणार, की माझा नियम चुकला. नियम गेला खड्ड्यात, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. हयातभर फटकळ म्हणून मिरवलेली बाई, नेमकी तेव्हा गप्प बसली. तेवढंच नेमकं जिवावर आलं.

छापखान्यात येऊन त्यांनी फोन लावला. "थोडं थांबा. पाणी उकळून पाजा. आम्ही येतोच आहोत."

"बरं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तसं."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. वहिनींनी लावून पाहिला, लागला नाही. पोरगी बरी झाली असेल, वाईट असतं तर कळलं असतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. गाण्यांचा कार्यक्रम दणक्यात झाला.

वस्तीत गाड्या पोचल्या तेव्हा मुलं रांगेत उभी होती आणि मास्तरीणबाई किल्ली घेऊन पंपापाशी. वहिनी उतरल्या त्या तडक त्यांच्याकडे गेल्या. "आमची चिमणी कुठाय? जीभ दाखवायला आलेय म्हणावं तिला."

"ती गेली," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुमचा फोन आला त्याच आठवड्यात. मागोमाग आणखी दोन मुलं."

वहिनी एकदम ओरडल्या. "अहो, पण किल्ली तुमच्याच हातात होती! काढायचं ना कुलूप! कोण येणार होतं बघायला?" बोलून गेल्या आणि आपण काय बोललो ते कळल्यावर त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"इथपर्यंत आले होते मी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "किल्ली लावलीही होती. मग वाटलं, यांना कळलं तर खोली जाईल. माझी एकटीची पोरगी, आणि खोली या सगळ्या पोरांची. वाटलं, ती तग धरेल."

एवढ्यात भाऊजी बोलवायला आले. वहिनींनी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला, तो काही खोटा नव्हता. पण ते म्हणाले काय, तर "आधी दोन मिनिटं शांत उभे राहू, मग फीत." आणि खरोखरच सगळे माना खाली घालून उभे राहिले. मग पाहुण्यांनी फीत कापली, कुलूप निघालं, पाणी आलं. पोरं ओरडत पंपावर तुटून पडली. फोटो झकास आले.

गर्दी हलल्यावर मास्तरीणबाई वहिनींजवळ आल्या.

"तुम्ही सांगितलं तसंच केलं आम्ही," त्या म्हणाल्या. "कोणीही हात लावला नाही. आता शाळेला खोली मिळेल ना?"

पुढच्या वर्षीचा प्रकल्प भलत्याच देशात ठरला होता. गेल्याच बैठकीत, एकमताने. वहिनींनीही हात वर केला होता.

"मिळेल," वहिनी म्हणाल्या.

मास्तरीणबाईंनी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. "तुम्ही म्हणताय म्हणजे मिळणारच," असं म्हणून त्या वळल्या आणि मुलांना ते सांगायला गेल्या.