होडीआडची खिडकी

ते साल दोन हजार चौदा. धाकटीला नोकरीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, नवरा जाऊन आठ, आणि थोरलीने तिचं जहाज पळवलं त्याला एकोणचाळीस. यातला शेवटचा आकडा ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती.

धाकटी म्हणजे त्या घरातली धाकटी सून, आणि थोरली तिची जाऊ. थोरली तळमजल्यावर राहायची, धाकटी वर. जिना एकच, आणि तो थोरलीच्या दिवाणखान्याच्या दारावरून जायचा. दार सदा उघडं. समोरच्या भिंतीवर चौकटीतला फोटो होता: जहाजाच्या कठड्याला रेलून उभी असलेली तरुण थोरली, केस वाऱ्यावर, अंगात निळा कोट. तो कोट धाकटीने शिवला होता, स्वतःसाठी. दिवसातून चार वेळा जिना चढताउतरताना तिला तो फोटो दिसायचा. एकोणचाळीस वर्षांत कितीदा दिसला असेल ते तुम्हीच बघा.

झालं होतं ते असं. धाकटीच्या लग्नाला चार महिने झाले होते. नवऱ्याच्या कंपनीच्या वार्षिक समारंभात त्याच्या नावाची चिठ्ठी निघाली: दोघांसाठी चार दिवसांचा जहाजाचा प्रवास. तोवर धाकटीने समुद्र पाहिला नव्हता. कापड आणून तिने कोट शिवला, त्याला शिंपल्याची बटणं लावली. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी अंथरूण धरलं. थोरली म्हणाली, "त्यांना तुझ्याच हातचं लागतं गं. आणि तिकिटं वाया घालवायची म्हणजे पाप." मग तिकिटांवर थोरली आणि थोरले दीर गेले, नि जाताना गारठ्याचं निमित्त करून कोटही गेला. तिसऱ्या दिवशी सासूबाई टुणकन उठल्या आणि स्वतः चहा करून प्यायल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी, खरोखरच्या आजारपणात, त्यांनी धाकटीचा हात धरून सांगितलं, "थोरलीने पडून राहा म्हटलं, मी पडून राहिले. मनाला लागलंय माझ्या." धाकटीने त्यांचं पांघरूण नीट केलं आणि कुणाला काही बोलली नाही.

नवरा म्हणाला होता, "पुढच्या वर्षी आपण जाऊ." हे तो एकतीस वर्षं म्हणाला, आणि दर वर्षी मनापासून म्हणाला.

आता थोरले दीरही नव्हते, आणि थोरलीला सत्तर वर्षं पूर्ण होत होती. तिच्या मुलीने, म्हणजे धाकटीच्या पुतणीने, ठरवलं की आईला आणि काकूला आठवडाभर जहाजावर पाठवायचं. एका रविवारी ती रंगीत माहितीपुस्तकांचा गठ्ठा घेऊन आली.

"दोघींना मिळून एक खोली घेऊ या का?"

"नको," दोघी एकदम म्हणाल्या. एवढं एकमत त्या घराने कधी ऐकलं नव्हतं.

"बरं, दोन घेऊ. पण निवडायच्या कशा? हे नकाशे बघून मला गरगरतं. काकू, हे तुझं काम."

तिचंच काम होतं ते. धाकटी चौतीस वर्षं एका सरकारी बांधकाम खात्यात ट्रेसर होती. इंजिनियर लोकांनी काढलेल्या इमारतींवर पारदर्शक कागद ठेवून त्या शाईने उतरवायच्या, मग एक मजला दुसऱ्यावर ठेवून बघायचं की वरची मोरी खालच्या माजघरावर तर येत नाही ना. तिच्या नजरेतून नळ निसटायचा नाही. मोठमोठे इंजिनियर तिच्या टेबलाशी येऊन हळूच विचारायचे, "बाई, बरोबर आहे ना?"

"मला समुद्र दिसला पाहिजे," थोरली म्हणाली. "आतल्या कोंदट खोलीत घालू नका मला. बाकी तू घेशील ती."

"घेते ना, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "तुमच्यासाठी अगदी निवडून घेते."

दुसऱ्या दिवशी तिने नकाशे दुकानातून मोठे करून आणले, जेवणाच्या टेबलावर पसरले आणि चष्मा पुसला. तिला हवी तशी खोली नव्हती शोधायची, तिला हवी तशी वाईट खोली शोधायची होती. थोरलीला कमी ऐकू यायचं, तेव्हा नाचाच्या दिवाणखान्याखालची खोली फुकट गेली असती. कानातलं यंत्र काढून ठेवून तिने घोरायला सुरुवात केली असती. स्वयंपाकघराच्या वरचीही नको, वासावर ती खूश व्हायची. दोन दिवस धाकटीने पूर्ण जहाज पालथं घातलं. लिफ्ट, धुलाईची खोली, चिमणी. तिसऱ्या दिवशी तिला होड्या दिसल्या.

सहाव्या मजल्याच्या दोन्ही अंगांना, खिडक्यांच्या बरोबर बाहेर, संकटात उतरवायच्या होड्या टांगलेल्या होत्या. मोठ्या, झाकलेल्या, बसएवढ्या. पुस्तकात त्या रांगेतल्या सगळ्या खोल्यांपुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'दृश्य काहीसे अडलेले'. काहीसे. धाकटीने खोल्या एका कागदावर उतरवल्या, होड्या त्यांच्या वेगळ्या नकाशावरून दुसऱ्यावर, दोन्ही एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला चिकटवले आणि उजेडात बघितलं. एका अंगाला सहा होड्या होत्या, दुसऱ्या अंगाला पाच. सहावीच्या जागी फक्त शिडी. म्हणजे त्या एका खिडकीसमोर काहीच नव्हतं, आणि हे जहाजवाल्यांनाही ठाऊक नसावं, कारण त्यांनी सगळी रांग एकाच मापाने मोजली होती. ती खोली दोनशे अठरा निघाली. बोळाच्या पलीकडे तिच्या समोर दोनशे सतरा. तिच्या खिडकीला होडी अशी चिकटलेली की हात बाहेर काढला तर रंग लागावा.

त्या दिवशी धाकटीला दोन घास जास्त गेले.

खात्यात एक नियम होता. पारदर्शक कागद दोन्हीकडून सारखाच वाचता येतो, म्हणून पहिली रेघ ओढायच्या आधी उजव्या कोपऱ्यात खूण करायची. धाकटी चौतीस वर्षांत एकदाही ती खूण विसरली नव्हती. या वेळीही विसरली नाही. तिने मुद्दामच केली नाही. थोरली कधीही वर यायची, कागद चाळायची, आणि 'होड्या' असा शब्द कोपऱ्यात दिसला असता तर तिने विचारलं असतं. म्हणून एकाही कागदावर अक्षर नाही. नुसत्या रेघा. थोरली आली, बघून म्हणाली, "काय गं, भरतकामाचा नमुना का?" धाकटी हो म्हणाली.

दोनशे अठरा धाकटीची, दोनशे सतरा थोरलीची, असं पुतणीने नोंदवून टाकलं.

महिन्याभराने कागदपत्रांवर सह्या करायला तिघींना बुकिंगच्या ऑफिसात बोलावलं. सरळ भांग पाडलेला, खाली बघून हसणारा एक माणूस तिथे होता. "नावं उद्या सकाळी जहाजाकडे जातात, मॅडम. मग काही बदल होत नाही." टेबलावर काचेच्या पेटीत एक हातभर लांबीचं जहाज ठेवलेलं होतं. "हेच तुमचं," तो म्हणाला.

धाकटीला जुनी सवय. तिने नाक कुठे ते बघितलं, मग डावी बाजू, मग उजवी, आणि होड्या मोजल्या. डावीकडे सहा. उजवीकडे पाच.

तिने परत मोजल्या. सम आकड्यांच्या खोल्या डावीकडे, विषम उजवीकडे, हे तिला पाठ होतं. दोनशे अठरा डावीकडे. तिच्या खिडकीसमोर नखाएवढी नारिंगी होडी टांगलेली होती. शिडीची मोकळी जागा दोनशे सतरासमोर.

होड्यांचा कागद काचेला लावताना पालथा पडला होता. जहाजाचं नाक आणि शेपूट जिथल्या तिथे राहिली, म्हणून शंका आली नाही. फक्त डाव्याचं उजवं झालं. कोपऱ्यात खूण असती तर खूण उलटी दिसली असती. नवीन लागलेली पोरसुद्धा ही चूक करत नाही.

म्हणजे समुद्र पुन्हा थोरलीला. आणि या वेळी धाकटीने स्वतःच्या हाताने दिलेला.

ती टेबलावर वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "आमच्या दोघींच्या खोल्यांची अदलाबदल करा. मला सतरा, त्यांना अठरा."

"करतो की," तो मोठ्याने म्हणाला. "दोघींच्या सह्या लागतील. आजी, इथे सही करा, तुमची खोली बदलायचीय."

थोरलीने कानातलं यंत्र नीट केलं. "का म्हणून?"

"काही नाही, जाऊबाई. मला सतरा आकडा बरा वाटतो."

"दोन्ही खोल्या सारख्याच आहेत, मॅडम," माणूस म्हणाला. "माप तेच, खिडकी तीच."

थोरलीने पेन खाली ठेवलं आणि मुलीकडे बघून हसली. "हिचं पहिल्यापासून असंच. दुसऱ्याच्या ताटातलंच मोठं दिसतं हिला."

धाकटी खुर्चीत ताठ बसली. एकोणचाळीस वर्षं मूग गिळून बसलेलं माणूस बोलायला लागतं तेव्हा आवाज चढवावा लागत नाही.

"सारख्या नाहीत," ती म्हणाली. "उजवीकडे एक होडी कमी आहे. दोनशे सतराच्या खिडकीतून समुद्र दिसतो. दोनशे अठराच्या खिडकीतून होडी दिसते, दुसरं काही नाही. मी समुद्र माझ्यासाठी ठेवला होता आणि होडी तुमच्यासाठी. कागद पालथा पडला, म्हणून उलटं झालं."

बुकिंगवाल्याने पेटीवर वाकून होड्या मोजल्या. "अरेच्चा," तो पुटपुटला.

"माझ्यासाठी होडी?" थोरली म्हणाली. "मुद्दाम?"

"तीन दिवस लागले शोधायला."

"का गं?"

"तिकिटं माझी होती. कोटही माझा होता."

"अगं, सासूबाईंना बरं नव्हतं तेव्हा."

"सासूबाईंना काय झालं होतं, जाऊबाई?"

थोरली पेनाला टोपण लावत बसली.

"मला त्यांनीच सांगितलंय. पडून राहायला कोणी सांगितलं तेही."

पुतणी आईकडे बघत होती. "आई? हे खरं आहे?"

थोरलीने पर्स उघडली, रुमाल काढला, परत ठेवला. मग ती टेबलाकडे बघत म्हणाली, "चार दिवस बादलीत तोंड घालून पडले होते मी. धक्का सोडला आणि सुरू झालं. तो फोटो जहाज बांधलेलं होतं तेव्हाचा आहे. धक्क्याला बांधलेले दोरखंड फोटोतून कापून चौकट केली. डोळे उघडले की पोटात ढवळायचं, म्हणून डोळेच उघडले नाहीत. मी समुद्र पाहिलेलाच नाही म्हण ना." तिने धाकटीकडे बघितलं. "आता झालं समाधान?"

तिला वाटलं असेल, धाकटी विरघळेल. पुतणी विरघळलीच होती, तिने आईच्या पाठीवर हात ठेवला. पण धाकटीच्या अंगाची आग झाली. आजवर तिने धरून ठेवलं होतं की निदान कोणीतरी ते चार दिवस उपभोगले. कठड्याशी उभं राहून कोणीतरी बघितलं. आणि इथे कळत होतं की ते कोणीच वापरले नाहीत. पळवले आणि बादलीत ओतले. आणि वर तो फोटो भिंतीवर लावला, तिच्या जिन्याच्या वाटेवर.

"नाही झालं," ती म्हणाली. "समुद्र बघवत नाही ना तुम्हाला? मग होडी बघा. ती हलत नाही."

बुकिंगवाल्याने पेन थोरलीसमोर सरकवलं आणि पटकन हात मागे घेतला.

थोरलीने सही केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून. "लिहा, मला होडीवाली," ती म्हणाली. "नाहीतरी हिचंच खरं करायचंय." आणि मग, उठता उठता, "लाटा दिसणार नाहीत ते एक बरंच आहे." शेवटचा शब्द तिचाच असायचा, तो तिथेही सोडला नाही.

जहाज निघालं. सातही दिवस सकाळी धाकटी दोनशे सतराच्या खिडकीत खुर्ची ओढून बसली. नवऱ्याचा चष्म्याचा डबा तिने खिडकीच्या कडेवर ठेवला होता. पाणी, पाणी आणि पाणी. तिला कंटाळा आला नाही. रोज संध्याकाळी थोरली बोळ ओलांडून दार ठोठावायची. "आज काय दिसलं?"

"पाणी," धाकटी सांगायची, आणि दार लावून घ्यायची. सातव्या दिवशीही तिने आत या म्हटलं नाही. पुढे कुणी विचारलं, वाईट नाही का वाटलं, तर ती विचार करून म्हणायची, "नाही."

मात्र एका दुपारी ती स्वतः दोनशे अठरामध्ये गेली आणि थोरलीला खिडकीशी उभं करून फोटो काढला. मागे काठोकाठ नारिंगी होडी, आकाशाचा तुकडासुद्धा नाही. घरी आल्यावर तो मोठा करून, चौकटीत बसवून थोरलीला सत्तरीची भेट दिला. पुतणीसमोर नाही म्हणता येईना. थोरलीने तो जुन्या फोटोशेजारी टांगला. धाकटीचे गुडघे दुखायचे, पण त्या वर्षापासून जिना चढताना तिथे ती थोडी थांबायला लागली.

बुकिंगवाल्याने दोनशे सतरा नंबर लक्षात ठेवला. आपल्या खास गिऱ्हाइकांना तो ती खोली हळूच सुचवायचा आणि शोध आपलाच म्हणून सांगायचा. तीन वर्षांनी जहाज भंगारात निघालं. काचेच्या पेटीतलं छोटं जहाज मात्र अजून त्या ऑफिसात आहे.

पुतणीने वर्षभर आईशी मोजकंच बोलणं ठेवलं, मग विसरली. मुली विसरतात.

थोरली चार वर्षांनी गेली, झोपेत, कानातलं यंत्र काढून. शेवटच्या आजारपणात धाकटीने तिचं सगळं केलं. तिला खरोखरच धाकटीच्या हातचं लागायचं. कोटाचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही. थोरली गेल्यावर पुतणी घर आवरायला आली आणि म्हणाली, "काकू, यातलं तुला काय हवं?"

धाकटीने कपाटाच्या तळातून निळा कोट काढला. शिंपल्याची बटणं सगळी शाबूत होती. मग तिने भिंतीवरचा कठड्याचा फोटो उतरवून पुतणीच्या हातात दिला.

होडीचा फोटो तिने तिथेच राहू दिला. येणारेजाणारे विचारतात, हा कुठला, मागे हे नारिंगी काय आहे. धाकटी त्यांना बसवते, पाणी देते, आणि पहिल्यापासून सांगते.