वीरभद्र सरांचं ‘मे’

जळकोटच्या अण्णारावांना नांदेडहून मेसेज आला तेव्हा त्यांची मुलगी सुकन्या ट्रेनिंगसाठी लातूरला गेलेली होती. सुकन्या उदगीरच्या एका शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. मेसेज होता तिच्याच स्थळाचा. मुलगा मल्लेश, नांदेडला आयटीआयमध्ये शिकवायला. वडील वीरभद्र सर, इंग्रजीचे निवृत्त मास्तर. सर मराठीत फक्त बोलत. लिहिताना इंग्रजीच.

‘वुई मे कम ऑन संडे.’

अण्णारावांना ‘कम’ कळलं, ‘संडे’ कळला. मधल्या शब्दावर गाडी अडली.

“मे महिन्यात येतो म्हणायलेत का काय?” त्यांनी बायकोला विचारलं.

“आता तर नोव्हेंबर चालू हाय,” गौरम्मा म्हणाल्या. “चुकून पडलं आसंल. रविवारी यायलेत, बस.”

रविवारी पातेलंभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजली. शेजारून चार खुर्च्या आणल्या. चार वाजेपर्यंत कुणीच आलं नाही, तेव्हा अण्णारावांनी फोन लावला.

“मी ‘मे’ लिहिलं होतं अण्णाराव,” वीरभद्र सर शांतपणे म्हणाले. “‘मे’ म्हणजे नुसती शक्यता. ‘मस्ट’ लिहिलं असतं तर येणं भाग होतं.”

हुग्गी सगळ्या गल्लीनं खाल्ली.

पंधरा दिवसांनी दुसरा मेसेज आला, ‘वुई शुड कम धिस संडे.’ या वेळी सुकन्या घरी होती.

“अप्पा, ‘शुड’ म्हणजे आपण जायला पाहिजे, असं त्यांना वाटतं.”

“मग येतेत की.”

“मलाही रोज सकाळी पळायला जायला पाहिजे असं वाटतं. जाते का?”

तरी गौरम्मांचा जीव राहिना. त्यांनी परत स्वयंपाक केला, आणि परत कुणी आलं नाही. अण्णाराव दोन दिवस पारावर गेले नाहीत. लोक विचारणार, पाहुणे आले का, आणि सांगायचं काय? बापाचं तोंड बघून सुकन्याला पहिल्यांदा खरा राग आला.

तिसरा मेसेज आला, ‘वुई माइट कम.’

“हे तर ‘मे’पेक्षाही पातळ,” ती म्हणाली. “आणा तो फोन इकडं.”

तिनं लिहिलं, ‘यू मे कम. सुकन्या माइट बी ॲट होम. टी कॅन बी मेड. लंच मस्ट नॉट बी एक्स्पेक्टेड.’ आणि अण्णाराव नको नको म्हणेपर्यंत पाठवूनही दिलं.

“काय लिहिलीस गं?”

“तुम्ही येऊ शकता. मी घरी असेन, नसेनही. चहा होऊ शकतो. जेवणाची अपेक्षा मात्र अजिबात करायची नाही.”

अण्णारावांनी कपाळाला हात लावला. “गेलं स्थळ!”

रविवारी अकरा वाजता दारात गाडी उभी राहिली. वीरभद्र सर आत येऊन बसले आणि पाणी प्यायच्या आधीच त्यांनी विचारलं, “घरी असण्याला ‘माइट’ का? तिथं ‘मे’ का नाही लिहिलं?”

“‘मे’मध्ये आशा जरा जास्त असते सर,” सुकन्या म्हणाली. “तुम्हाला तेवढी द्यायची नव्हती.”

शेजारी बसलेला मल्लेश मोठ्यानं हसला. मग त्यानंच सांगून टाकलं. वडिलांनी लातूरचं अजून एक स्थळ धरून ठेवलं होतं, म्हणून इकडं ‘मे’ आणि ‘माइट’ चालू होतं. हे काहीच त्याला माहीत नव्हतं. सुकन्याचा मेसेज मात्र सरांना इतका आवडला, की त्यांनी तो कौतुकानं मुलाला वाचून दाखवला आणि तिथंच फसले. मल्लेशनं सगळं वदवून घेतलं आणि त्यांना गाडीत घालून आणलं.

“माफ करा काका,” मल्लेश अण्णारावांना म्हणाला. “दोन रविवार तुम्ही वाट बघितली. बाबा, आता सरळ मराठीत बोला.”

सरांनी घसा खाकरला. “म्हणजे... व्हायला हरकत नसावी... जमू शकेल असं वाटायला वाव आहे...”

“हे मराठीतलं ‘माइट’ झालं,” सुकन्या म्हणाली.

दुपारचा एक वाजला. सरांची नजर सारखी स्वयंपाकघराकडं जायला लागली. गौरम्मांनी सुकन्याला आत ओढलं. “आगं, वरण-भात तरी टाकू दे. माणसं उपाशी बसलीत.”

“‘मस्ट नॉट’ म्हणजे सक्त मनाई, आई. त्यांनीच शिकवलंय लोकांना.”

पाहुण्यांना फक्त चहा मिळाला, दोनदा. निघताना मल्लेश दारात थांबला. “मला हे लग्न करायचंय. तुमचं काय?”

“मला आठ दिवस पाहिजेत. काही विचारायचंय, पण इथं नाही.”

बुधवारी ती एकटीच नांदेडला गेली. बस स्टँडसमोरच्या हॉटेलात मल्लेशला समोर बसवून तिनं विचारलं, “माझी नोकरी उदगीरला आहे. सोडायला लावाल?”

“न्हाई.”

“वडील म्हणाले तर?”

“तरी न्हाई. मीच उदगीरकडं बदली मागतो.”

त्यात एकही शब्द डळमळीत नव्हता. तिनं लगेच हो म्हटलं, आणि मग दोघांनी पोटभर डोसे खाल्ले.

फेब्रुवारीत लग्न झालं. सुकन्या उदगीरला शिकवते, मल्लेश दर शनिवारी येतो. त्याच्या बदलीचा अर्ज अजून मंजूर झालेला नाही.